गातो, बोका आणि आजी : बेळगावातल्या एका घराचं सहा महिन्यांचं स्पॅनिश

गेल्या वर्षी जूनमध्ये टिळकवाडीतल्या एका घरून फोन आला. वडील फौंड्रीतले इंजिनिअर. उद्यमबागेत पंधरा वर्षं काढून ते मेक्सिकोत, केरेतारोला, गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात गेले होते. मागे आई, दोन मुलं आणि आजी. डिसेंबर संपता संपता आई आणि मुलं तिकडे जाणार होती, आजी इथंच राहणार होती. थोरली साडेपाच वर्षांची, धाकट्याला तिसरं सरायला महिना होता. आईची अपेक्षा मोठी नव्हती. "बाई, तिकडच्या बालवाडीत गेल्यावर पोरांना निदान पाणी मागता यावं. मांजराला मांजर म्हणता यावं. पुढचं शिकतील की."

मी स्पॅनिशची शिक्षिका नव्हे. बालवाडीत पस्तीस वर्षं काढली आणि आता शनिवारी गल्लीतल्या वाचनालयात मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवते. पुण्यात असताना दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकले होते, ते बरंचसं विसरलेही होते. तरी हो म्हटलं, कारण चित्रांच्या पुस्तकातून परका शब्द लहान मुलाच्या तोंडी कसा बसतो, हे शाळेबाहेर, फळ्याशिवाय आणि परीक्षेशिवाय मला एकदा जवळून बघायचं होतं. त्या सहा महिन्यांची वही समोर ठेवून हे लिहिते आहे. घर एकच आणि मुलं दोनच, तेव्हा यावरून कुणी नियम बांधू नये.

आधी त्या घराच्या भाषांबद्दल. घरात मराठी. आजी खानापूरकडच्या खेड्यातली, गोव्याच्या नातेवाइकांमुळे कोंकणी तिला समजते. दूधवाला कन्नड बोलतो, भाजीवाली दख्खनी उर्दू, थोरलीची बालवाडी इंग्रजी. इथं कुणाला याचं काही वाटत नाही. आपलं गाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, यावर मोठी माणसं १९५६ पासून भांडत आली आहेत, २०१४ साली बेळगावचं बेळगावी होऊन पाट्याही बदलल्या. पोरं मात्र दाराबाहेर पडताना चप्पल घालावी तशी भाषा बदलतात. थोरली मला 'बाई' म्हणते. शेजारची तिची मैत्रीण कन्नड घरातली, तिच्याकडे 'बायि' म्हणजे तोंड. "बायि मुच्चु" म्हणजे तोंड मिट. माझ्याकडे बघत दोघी हे म्हणत आणि हसून लोळत. एकाच आवाजाचा या दारात एक अर्थ आणि त्या दारात दुसरा, ही गोष्ट या मुलींना पाचव्या वर्षीच ठाऊक होती. तिचं मोल मला फार उशिरा कळलं.

थोरलीच्या शाळेचं मत वेगळं होतं. मुलीचं इंग्रजीच अजून कच्चं आहे, त्यात चौथी-पाचवी भाषा आणून गोंधळ घालू नका, असं आईला सांगण्यात आलं. आई दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, "गोंधळ तर तिकडं गेल्यावर होणारच आहे. इथंच घालूया की."

पहिला महिना, आणि गॅटो

आईनं ऑनलाइन दोन जाड पुठ्ठ्याची पुस्तकं मागवली. प्रत्येक पानावर एक चित्र, खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी शब्द, त्याखाली बारीक अक्षरांत स्पॅनिश. अमेरिकेतल्या मुलांसाठी काढलेली पुस्तकं होती ती. बर्फाचा माणूस, लाल टपालपेटी, कचऱ्याच्या डब्यात डोकं घालणारा शेपटीवर पट्टे असलेला कसलासा प्राणी. धाकट्यानं त्या प्राण्याला "माऊ" म्हटलं, थोरलीनं "कोल्हा". आईलाही तो ओळखेना. जे चित्र मुलाला मुळात ओळखूच येत नाही, त्यावर नवा शब्द चिकटणार कशाला?

रोज संध्याकाळी आई वाचायची, "कॅट... गॅटो. डॉग... पेरो." रोमन अक्षरं दिसली की आपली जीभ आपोआप इंग्रजीकडे वळते, तशीच तिची वळत होती. मीही तेव्हा फार टोकलं नाही. शब्द आधी बसू देत, उच्चार मागाहून सुधारू, असं माझं मत होतं. ते चुकीचं होतं.

चार आठवड्यांनी मी चाचणी म्हणून मांजराचं चित्र धरलं आणि विचारलं, "के एस एस्तो?" म्हणजे, हे काय आहे? थोरली गप्प. मग मी सहज "कॅट" म्हटलं, तर ती लगेच म्हणाली, "गॅटो!" बारा शब्द तिला येत होते आणि बाराही असेच. पाढ्यात 'बे दुणे' म्हटल्याशिवाय 'चार' येत नाही, त्यातली गत. तिचा स्पॅनिश शब्द चित्रातल्या मांजराला लागलेलाच नव्हता, इंग्रजी शब्दाच्या शेपटाला लोंबकळत होता. पुढच्या सगळ्या महिन्यांत मी जे काही केलं, ते या एका शोधातून निघालं. मुलं आणि स्पॅनिश यांच्यामध्ये इंग्रजी येऊन उभं राहिलं होतं. ते पुस्तकाच्या मांडणीत होतं, लिपीत होतं, चित्रांच्या निवडीतही होतं.

त्याच आठवड्यात वडिलांचा व्हिडिओ कॉल झाला. केरेतारो आपल्यापेक्षा साडेअकरा तासांनी मागे, म्हणून तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. शाळेची गडबड, डबा, वेण्या, आणि मधूनच फोनवर बाबा. थोरलीनं ऐटीत "गॅटो" म्हणून दाखवलं. वडिलांना कळेचना. मग हसून म्हणाले, "गातो म्हण गे. आमच्या कारखान्यात गातो म्हणजे जॅक. गाडी उचलायचा." खरंच आहे, त्या भाषेत मांजरालाही 'गातो' आणि जॅकलाही 'गातो'. बेळगावच्या हायड्रॉलिकवाल्या माणसाला मांजराच्या आधी जॅक कळला, यात काही नवल नाही. तिकडे गेल्यावर ओळखीचा निघालेला पहिला शब्द 'पागार' होता, असंही त्यांनी सांगितलं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ पैसे चुकते करणं. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. चोर्ला घाट उतरला की गोवा, तेव्हा असे शब्द आपल्या घरात कधीचे राहायला आलेले आहेत. बादली घ्या, तिकडे 'बाल्दे' म्हटलेलं चालतं.

आजीच्या मांडीवरची अंकलिपी

जुलैच्या मध्यावर मी ती दोन्ही पुस्तकं कपाटात ठेवायला लावली आणि गणपत गल्लीतून अंकलिपी आणवली. आपल्या प्रत्येक घरातलं पहिलं चित्रांचं पुस्तक तेच असतं. अ अननसाचा, आ आईचा. चित्रं जुनाट आणि रंग भडक, पण दोन्ही मुलांना त्यातली प्रत्येक वस्तू पाठ होती. चित्राखालचा मराठी शब्द कोऱ्या कागदाच्या चिठ्ठीनं झाकला आणि चिठ्ठीवर स्पॅनिश शब्द लिहिला, तोही देवनागरीत.

देवनागरीचा हट्ट अभिमानापोटी नव्हता. स्पॅनिशचे 'त' आणि 'द' दाताला जीभ लावूनच म्हणतात, अगदी आपल्यासारखे. 'प', 'त', 'क' यांच्यात इंग्रजीतला तो हवेचा फुत्कार नसतो. स्वर पाच, आणि तेही स्वच्छ. आ, ए, इ, ओ, उ. म्हणजे मराठी तोंडाला यातलं जवळजवळ काहीच नवं नाही. रोमन लिपीतला शब्द इंग्रजीच्या वाटेनं वाचला की मात्र 'त'चा 'ट' होतो, 'आ'चा 'ॲ' होतो आणि सरळ असलेली गोष्ट वाकडी होते.

हे सगळ्यात आधी आजीनं सिद्ध केलं. आजी सातवी शिकलेली, इंग्रजी वाचता येत नाही. दुपारी आई कामावर असताना धाकटा तिच्या मांडीवर बसून अंकलिपी उघडायचा आणि चिठ्ठीवर जे लिहिलंय ते ती वाचायची. तिचा उच्चार आईपेक्षा आणि माझ्यापेक्षाही बरा होता, कारण तिच्या जिभेत इंग्रजीची अडगळ नव्हती.

पहिल्याच दुपारी मी तिथं होते. पान उघडलं, मांजराचं चित्र. आजीनं चष्मा सारखा केला.

"गातो," तिनं वाचलं आणि थांबली. "कोण गातो गे बाई?"

"मांजर, आजी. त्या भाषेत मांजराला गातो म्हणतात."

"मांजार गातंय होय! बरोबर हाय की. आमच्या मागच्या दाराचा बोका रात्रभर गातोयच की!"

मुलं हसायला लागली. मी घाईनं पान उलटलं, तर पुढची चिठ्ठी तोंडाच्या चित्रावर होती. स्पॅनिशमध्ये तोंड म्हणजे 'बोका'.

आजीनं ती वाचली, चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आता बोका म्हंजे तोंड? आणि मांजार म्हंजे गातो? बाई, तुमी चिठ्ठ्या उलट-सुलट लावल्यात बघा."

थोरली मध्येच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत 'बायि-बाई'च्या वेळी असायची तीच चमक होती. तिनं सावकाश, शब्द जुळवत म्हटलं, "आजी, आपला बोका गातो आहे. आणि गातो त्याच्या बोकानं गातो."

आजीला हे समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं पदर तोंडाला लावला. धाकट्याला काहीच कळलं नव्हतं, पण आजी हसते म्हणून तोही टाळ्या वाजवत "गातो, गातो" करायला लागला. त्या दिवसानंतर हे दोन शब्द त्या घरात कुणालाही पुन्हा शिकवावे लागले नाहीत.

मोठ्यांच्या भाषावर्गात अशा जोड्यांची फार भीती घालतात. सारखे ऐकू येणारे, अर्थ भलताच असणारे शब्द म्हणजे सापळा. मीही आधी असे शब्द मुद्दाम वगळले होते. आजीच्या दुपारीनंतर मी उलट केलं आणि तेच शोधून काढले. स्पॅनिशमध्ये पाव म्हणजे 'पान', आणि आपलं पान म्हणजे झाडाचं, जेवणाचं, पुस्तकाचं, खायचं. सूर्य म्हणजे 'सोल', आपल्याकडे केळं सोल. डोळ्याचा शब्द 'ओखो' आणि 'ओहो' यांच्यामधला. मेक्सिकोतला 'ख' मऊ असतो, म्हणून आम्ही 'ओहो'च ठेवला. डोळे मोठे करून "ओहो!" म्हटलं की झालं. चंद्र म्हणजे 'लुना'. यावर आजी म्हणाली, "तुझ्या आजोबांकडं होती की लुना. पायडल मारून चालू करायची." मग थोरलीनं चंद्राच्या चित्राला पेडल काढले, ते चित्र अजून वहीत आहे. शिवाय स्पॅनिशमध्ये लुना स्त्रीलिंगी. आपला चंद्र 'तो', पण गाडी 'ती लुना', त्यामुळे तेही फुकटात पाठ झालं.

द्राक्षाचा शब्द मात्र आजीनं धुडकावला. तो आपल्या 'उवा'च्या इतका जवळचा आहे की डोकं खाजवावं. "खायच्या वस्तूला असलं काय तरी म्हणू नगा गे, घशाखाली उतरत न्हाई," असं म्हणून तिनं ती चिठ्ठी फाडली. ती पुन्हा लावली नाही. पण डिसेंबरात विचारलं तेव्हा दोन्ही मुलांना तो शब्द येत होता.

असं का झालं असावं, याचं माझं उत्तर सोपं आहे. आवाज आधीच कानात बसलेला होता, फक्त नवं चित्र त्याला जोडायचं होतं. आणि सीमाभागातल्या मुलांना एका आवाजाचे दोन मालक असणं विचित्र वाटत नाही. पण हे चित्रात दाखवता येणाऱ्या वस्तूंपुरतंच चाललं. स्पॅनिश 'माला' म्हणजे वाईट. आपल्या 'मला'शी ते जोडायला गेले तर थोरली वैतागली. "मला वाईट?" म्हणाली आणि उठून गेली.

एकच पुस्तक, पुन्हा तेच

ऑगस्टमध्ये मी एक गोष्ट मनाविरुद्ध केली. दर आठवड्याला नवं काही आणण्याऐवजी पंधरा दिवस एकच छोटं पुस्तक ठेवलं. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास मला आठवत होता. नवे शब्द तितकेच वेळा कानी पडले, तरी ते वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकणाऱ्यांपेक्षा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना ते अधिक चांगले आले. बालवाडीत हे रोज दिसतंच. मूल तीच गोष्ट मागतं आणि कंटाळते बाई. सातव्या वाचनाला मी मनातल्या मनात भाजीची यादी करत होते, तेव्हा धाकटा पान उलटायच्या आधीच पुढच्या चित्राकडे बोट नाचवत होता.

पुस्तक स्टोरीवीव्हरवरून काढलं होतं. प्रथम बुक्सचं हे मोफत व्यासपीठ २०१५ पासून आहे आणि तिथली गोष्ट उतरवून छापून घेता येते. एकच चित्रकथा अनेक भाषांत मिळते, हा आमच्यासाठी मोठा फायदा होता. शेजारची कन्नड मैत्रीण एव्हाना रोजची झाली होती, तिच्यासाठी त्याच चित्रांची कन्नड प्रत काढली. घराच्या चित्राशी ती अडकली. स्पॅनिशमध्ये घर म्हणजे 'कासा', तिच्या कानाला ते 'कस' लागलं आणि कन्नडात कस म्हणजे केर. "मने? कस?" असं म्हणत ती अख्ख्या घराकडे नाक मुरडून बघायची. आणखी एक गंमत या दोघींमुळे कळली. स्पॅनिशमध्ये खुर्ची, टेबल, पुस्तक या सगळ्यांना लिंग असतं. थोरलीला त्यात काही वावगं वाटलं नाही, मराठीत ती खुर्ची असतेच. फक्त टेबल 'ती' का, एवढं तिनं विचारलं. कन्नड मैत्रिणीला मात्र निर्जीव वस्तूला बाई किंवा बुवा करणं पटेचना, कारण तिच्या भाषेत तसं नसतं. कन्नड माणसाच्या मराठीतल्या 'तो-ती'वर इथं नेहमी विनोद होतात. ते विनोद करणाऱ्यांनी एकदा स्वतः स्पॅनिश शिकून बघावं, 'हात' स्त्रीलिंगी म्हणताना किती जीभ अडखळते ते.

वाचायचं कसं, याचा नियम ठरला तो असा. गप्पा मराठीत, नाव स्पॅनिशमध्ये. "बघ, हा गातो कुठं चाललाय? कशाला चालला असेल?" असं चालायचं. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ साली दाखवून दिलं होतं की पालकांनी नुसतं वाचून दाखवण्याऐवजी चित्रावरून मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाचं उत्तर थोडं वाढवून परत दिलं, तर मुलं जास्त बोलू लागतात. तो अभ्यास मातृभाषेचा, पण रीत इथंही उपयोगी पडली. पूर्ण स्पॅनिश बोलायचा आव मी आणला असता तर माझ्याच चुका त्यांच्या तोंडी गेल्या असत्या.

आई विचारायची, मोबाईलवर स्पॅनिश गाण्यांचे व्हिडिओ लावू का? पॅट्रिशिया कूल यांचा २००३ सालचा प्रयोग मी तिला सांगितला. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी कुणी समोर बसून चिनी बोललं तेव्हा ती त्या भाषेचे ध्वनी वेगळे ओळखायला शिकली, पण तेच पडद्यावर दाखवलं तेव्हा शिकली नाहीत. तान्ह्या बाळांचा निष्कर्ष पाच वर्षांच्या मुलीला तसाच लावता येत नाही, हे कळत होतं. तरी व्हिडिओ लावले नाहीत. वडिलांचा सकाळचा कॉल पडद्यावरचाच, पण तो माणूस उत्तर देत होता.

आणि त्याच कॉलवर बटाट्याचं प्रकरण झालं. आमच्या एका पुस्तकात बटाट्याला 'पाताता' होतं. ते स्पेनमधलं. मेक्सिकोत बटाटा म्हणजे 'पापा', आणि बाप म्हणजेही 'पापा', फक्त बापाच्या वेळी जोर शेवटच्या अक्षरावर. हा जोर देवनागरीत दाखवायला आपल्याकडे खूण नाही. मी आपली चिठ्ठी लावली, पापा. दुसऱ्या दिवशी साडेसातला धाकटा पडद्यासमोर उभा राहून, बटाट्याचं पान उघडून, वडिलांकडे बोट करत ओरडला, "पापा! पापा!" वडील हसता हसता म्हणाले, "बाळा, तू मला बटाटा म्हणालास." त्यानंतर चिठ्ठीवर जोराच्या अक्षरावर आम्ही लाल टिकली लावायला सुरुवात केली, आजीच्या डबीतली. रसाचंही असंच झालं. स्पेनमध्ये 'थूमो', मेक्सिकोत 'हूगो'. पुस्तक घेताना ते कुठलं आहे हे बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

'पेर्रो'चा, म्हणजे कुत्र्याचा, 'र्र' सगळ्यांना जड जाईल असं वाटलं होतं, कारण एकेरी 'र' लावला तर 'पेरो' होतो आणि त्याचा अर्थ 'पण'. चिमणी भुर्र उडाली, हे म्हणता येणाऱ्या पोराला त्यात काय अवघड? "भुर्र... पेर्र... पेर्रो." पाच मिनिटांचं काम.

पुस्तकाबाहेरचं स्वयंपाकघर

सप्टेंबरपासून शब्द पुस्तकातून ओट्यावर आले. हे मी ठरवलं नव्हतं, आजीनं केलं. साखरेच्या डब्याला चिठ्ठी, 'आसूकार'. आपली शर्कराच फारसी-अरबीतून फिरत फिरत तिकडे पोहोचली आहे. संत्र्याचं 'नारान्हा' हे संस्कृत नारंगाचंच पोर. चिंच म्हणजे 'तामारिंदो', मूळ अरबी अर्थ हिंदचा खजूर. उलट्या दिशेनंही माल आला आहे. चिकूचं नाव मेक्सिकोतल्या 'चिकोसापोते'वरून, पपईही तिकडूनच. आजीला सगळ्यात धक्का मिरचीचा बसला. संकेश्वरी मिरचीचे पूर्वज मेक्सिकोतले आणि पोर्तुगीजांनी ती गोव्याला आणली, हे तिला पटेना. "मग त्याच्या आदी आमी काय खायचो?" मिरी, म्हटलं. ती बराच वेळ विचारात पडली.

धाकटा ऑक्टोबरपर्यंत स्वतःहून एक अक्षर बोलला नव्हता. "दोंदे एस्ता एल गातो?" म्हणजे मांजर कुठंय, असं विचारलं की बोट बरोबर ठेवायचा, तोंड बंद. आईला काळजी. मी तिला थांबायला सांगितलं, बालवाडीत अशी मुलं महिनोन्महिने गप्प राहून मग एकदम बोलताना पाहिली होती. दसऱ्याच्या आसपास एका सकाळी दूधवाल्यानं हाक मारली, "हालू!" धाकट्यानं दारात जाऊन त्याला ठणकावून सांगितलं, "लेचे!" दूधवाल्यानं आजीकडे बघितलं. आजी म्हणाली, "दूदच म्हणालाय तो."

जे जमलं नाही तेही वहीत आहे. विशेषणाची जागा जमली नाही. स्पॅनिशमध्ये 'मांजर पांढरं' असा क्रम, 'गातो ब्लांको'. थोरली शेवटपर्यंत 'ब्लांको गातो' म्हणत राहिली. क्रियापदं जवळजवळ शून्य. धावणाऱ्या मुलाचं चित्र दाखवलं की मुलं 'मुलगा' सांगतात, 'धावतो' सांगत नाहीत. आणि मुख्य म्हणजे नोव्हेंबर उजाडला तरी आईनं पहिल्या दिवशी मागितलेली गोष्ट, पाणी मागता येणं, झालेली नव्हती. 'आग्वा' येत होतं. 'किएरो आग्वा', मला पाणी हवंय, हे येत नव्हतं. नावांच्या मागे लागून मी सहा महिन्यांतले पाच घालवले होते.

तेव्हा शेवटच्या महिन्यात मुलांचेच फोटो काढून सात पानांचं पुस्तक शिवलं. थोरली रिकामा पेला धरून उभी, खाली 'किएरो आग्वा'. धाकटा पोट धरून रडवेला, 'मे दुएले', दुखतंय. बाथरूमच्या दाराशी पाय आवळून, 'बान्यो'. त्या फोटोसाठी त्याला अभिनय करावा लागला नाही. विकतच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे सात पानी पुस्तक जास्त वाचलं गेलं. आता सुरुवात करायची झाली तर मी इथूनच करीन.

निघायच्या आधीच्या आठवड्यात अठ्ठेचाळीस चित्रं पसरून बघितलं. नाव ऐकून बोट ठेवणं थोरलीला चव्वेचाळीसचं जमलं, धाकट्याला एकोणतीसचं. चित्र बघून स्वतः नाव सांगणं थोरलीला एकतीसचं, धाकट्याला नऊचं. ती नऊ म्हणजे घरातली खायची-प्यायची, शिवाय गातो आणि बोका. कपाटातल्या पहिल्या दोन पुस्तकांतले बर्फाचा माणूस वगैरे शब्द कुणालाच आठवत नव्हते. आईचा 'गॅटो' मात्र अधूनमधून अजून निसटतो.

मेक्सिकोत तीन वर्षांपासूनची बालवाडी सक्तीची आहे, त्यामुळे जानेवारीत दोघंही लगेच शाळेत गेली. पहिल्या आठवड्यात थोरलीनं पाणी मागितलं. धाकट्यानं शाळेच्या आवारातल्या मांजराचं नाव सांगितलं आणि मग, मराठीत, ते गातं कसं हे करून दाखवलं, असं आईनं कळवलं. बाकी प्रगती तिथल्या मुलांनी केली, तिचं श्रेय आमच्या चिठ्ठ्यांना नाही.

मार्चमध्ये आईचा पुन्हा फोन आला, आवाज जरा वेगळा. धाकटा आता घरातही दूध म्हणत नव्हता. लेचेच. आजीला फोनवर तो काय सांगतो ते अर्धं कळत नव्हतं. चिठ्ठ्यांची अंकलिपी मुलांबरोबर गेली होती. मग आजी गणपत गल्लीत जाऊन दुसरी घेऊन आली, बिनचिठ्ठीची. आता रोज सकाळी साडेसातला चष्मा लावून ती फोनसमोर पहिलं पान उघडते.

"अ. अ कशाचा रे?"

"पीन्या," पलीकडून उत्तर येतं.

"अननस म्हण."

"अननस," तो म्हणतो, आणि मग बोका आहे का, म्हणून विचारतो. आजी फोन उचलते आणि मागच्या दाराकडे जाते.